झूम अटकलेला कॅमेरा

अण्णांनी व्हिडिओ कॅमेरा घेतलाय, हे आमच्या गल्लीत आधी कुणाला खरंच वाटलं नाही. अण्णा म्हणजे माझे वडील. सोनपेठला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. खडू नखाएवढा उरेपर्यंत फळ्यावर घासायचे आणि उरलेलं नखही डबीत जपून ठेवायचे. मनगटी घड्याळ घ्यायचं ठरलं तेव्हा दोन वर्षं ते नुसती लोकांच्या हातातली घड्याळं बघत होते. अशा माणसानं कॅमेरा घ्यावा, आणि तोही घरात टीव्ही नसताना! आईनं पहिल्याच दिवशी विचारलं, "अन् बघायचं कशात हो?"

ते म्हणाले, "बघू पुढं."

नव्वदीच्या सुरुवातीची ती वर्षं. मी परभणीला डी.एड. करत होते आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आले होते. एका रविवारी सकाळी अण्णा म्हणाले, "चल, मानवतला जाऊन येऊ." कशाला ते सांगितलं नाही. पाथरीला एसटी बदलून आम्ही मानवतला उतरलो तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं. मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या बाजूला रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं एक लहानसं दुकान होतं. दुकानदार अण्णांचा जुना विद्यार्थी निघाला. पाच-सहा वर्षं सौदीत वायरमनचं काम करून तो परत आला होता. अण्णांना बघताच उठला, खुर्ची फडक्यानं पुसली, समोरच्या हॉटेलात चहाची आरोळी दिली आणि मगच कपाटातून टॉवेलात गुंडाळलेला कॅमेरा काढला.

"गुरुजी, तुमसे झूठ नहीं बोलता," तो म्हणाला. "कॅमेरा चांगला हाय. कॅसेट चालते, बॅटरी चालते. फक्त ह्याचा झूम अटकलाय."

"म्हणजे?"

"लांबचं जवळ दिसतं ना, त्याला झूम म्हणतात. हा एकदम जवळ आणून ठेवलेल्या जागी जाम झालाय. मागं जातच नाही. शादी का काम नहीं होगा इसमें. म्हणून तर कोणी घेईना."

त्यानं कॅमेरा माझ्या हातात दिला. डोळा लावायच्या भिंगात काळपट-पांढरं चित्र दिसत होतं. मी तो रस्त्यापलीकडे, धान्याच्या पोत्यांवर बसलेल्या हमालाकडे वळवला आणि दचकलेच. त्याच्या मिशीचा केसन् केस माझ्या डोळ्यात आला. हमाल तर पार तिकडे होता. मग मी कॅमेरा अण्णांकडे फिरवला. ते समोरच बसले होते, पण मला दिसली नुसती एक नाकपुडी.

"लग्नाचं नाही करायचं मला," अण्णा म्हणाले. "एक-दोन माणसं घ्यायचीत फक्त."

"एक-दोन माणसं येतात की! लांब हुबं राहायचं. आठ-दहा पावलांवरून तोंड येतं. अख्खा माणूस पायजे तर चाळीस पावलं मागं."

कुठली एक-दोन माणसं, हे मी विचारलं नाही. मला वाटलं आई आणि मी.

परत येताना एसटीत अण्णांनी तो टॉवेलातला कॅमेरा मांडीवर धरला होता, मूल धरावं तसा. शेजारच्या बाईनं विचारलं, "काय हाय गुरुजी, कोंबडी का?" अण्णा म्हणाले, "नाही, मशिन आहे." मग साऱ्या गाडीला ते मशिन काढून दाखवावं लागलं.

पहिले आठ दिवस अण्णा गल्लीत मागं मागं चालताना दिसायचे. माणूस समोर दिसला की ते कॅमेरा डोळ्याला लावून पावलं मोजत मागं सरकायचे. एकदा असे सरकत सरकत ते शेजाऱ्यांच्या म्हशीला जाऊन थडकले. एकदा कडब्याच्या गंजीत बसले. आई उंबऱ्यात लसूण सोलत बसली होती. तिला घ्यायला ते गल्लीच्या टोकापर्यंत गेले, पण तिथं पोचेपर्यंत आई सोललेला लसूण घेऊन आत निघून गेली होती.

कॅसेट लहानशी होती, अर्ध्या तासाची. ती एका मोठ्या कॅसेटच्या सांगाड्यात बसवली की व्हीसीपीवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या कॅसेटच्या मशिनवर चालायची. तेव्हा लोक सिनेमे बघायला रंगीत टीव्ही आणि व्हीसीपी भाड्यानं आणायचे. अण्णांनीही तसाच आणला. हातगाडीवरून टीव्ही आमच्या दारात उतरला तशी गल्लीतली झाडून सारी माणसं गोळा झाली. पुढं पोरं, मागं बायका, खिडकीत म्हातारे.

आणि मग टीव्हीवर आला एक कान. अख्खा पडदाभर कान. तो कुणाचा यावर पैज लागली. शेवटी गल्लीतल्या शिंप्यानं स्वतःच्या कानातली बाळी ओळखली आणि एकच हशा झाला. मग म्हशीचा डोळा आला, त्यात बसलेली माशी आली. मग कुणाचा तरी पाय. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. आईची पाळी आली तेव्हा दिसले फक्त तिचे हात, लसणाची पाकळी आणि बांगड्या.

"माझं तोंड कुठाय?" आई म्हणाली. ती हसत नव्हती. शूटिंगच्या दिवशी मुद्दाम केस विंचरून, चांगलं लुगडं नेसून बसली होती ती.

खरी गंमत आवाजाची होती. लांबच्या माणसाचं बोलणं त्या कॅमेऱ्यात येत नसे. पण कॅमेऱ्याचा माईक अण्णांच्या तोंडापाशीच, त्यामुळे ते जे काही पुटपुटत ते सगळं ठणठणीत आलं होतं. "सत्तावीस, अठ्ठावीस... अरे हलू नको की बाबा... ही म्हस कामून मान हलवायलीय... अगं आई गं!" शेवटचं ते कडब्याच्या गंजीतलं. अण्णांचा फळ्यासमोरचा आवाज वेगळा होता, भारदस्त. हा त्यांचा एकट्याचा आवाज गल्लीनं पहिल्यांदाच ऐकला. अण्णा ओशाळले आणि म्हणाले, "आता यापुढं तोंड बंद ठेवायचं."

आईच्या मात्र ते बरोबर ध्यानात आलं. मला हळूच म्हणाली, "तुझ्या बापाला मनातलं मनात ठेवता येत न्हाई. वरून लय गंभीर दिसतेत."

आता माझ्या मामाचं सांगितलं पाहिजे.

मामा आईचा धाकटा भाऊ. आईच्या लग्नात तो नऊ-दहा वर्षांचा असेल. आई-वडील लवकर गेले म्हणून तिनंच त्याला वाढवलं होतं. त्याचं गाव सोनपेठहून पुढं, गोदावरीच्या काठाला. दीड एकर रान आणि बौद्धवाड्यात दोन खोल्यांचं घर. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला त्या पावसाळ्यात मराठवाड्यात गावोगाव आमच्या लोकांची घरं जळाली, त्यात मामाचंही जळालं. मी तेव्हा पाच-सहा वर्षांची होते. मामा, मामी आणि तिच्या कडेवरची तान्ही पोर ओल्या अंगानं आमच्या दारात उभी राहिलेली मला आठवते. मामाच्या हातात फक्त एक पितळी तांब्या होता. आजी-आजोबांचा परभणीच्या स्टुडिओत काढलेला एकुलता एक फोटोही त्या घरात गेला.

महिनाभर ती तिघं आमच्याकडे राहिली. अण्णांनी त्यांच्यासाठी शेजारी खोली बघितली, मामाला कापसाच्या जिनिंगमध्ये काम बघितलं. पण मामा एका सकाळी म्हणाला, "दाजी, मी गावाकडं जायलोय."

"कुठल्या गावाकडं? जाळलं त्या गावाकडं?"

"माझं रान तिथं हाय. घर तिथं होतं, तिथंच बांधतो."

अण्णा चिडले. त्या दिवसांत तेही आतून घाबरलेलेच होते, हे मला फार उशिरा कळलं. ते म्हणाले, "ज्यांनी घर जाळलं त्यांच्याच बांधाला जाऊन राम राम घालणार का? लाचारी रक्तात मुरलीय तुझ्या."

मामानं पाण्याचा भरलेला पेला खाली ठेवला. तो एवढंच म्हणाला, "तुमचा खडू कुठंबी चालतो दाजी. माझं रान उचलून नेता येत न्हाई." आणि मामीला घेऊन निघून गेला.

त्यानंतर चौदा वर्षं मामा आमच्या घरी आला नाही आणि अण्णा त्याच्या गावी गेले नाहीत. आई वर्षातून एकदा, सुगी झाली की एकटी जाऊन यायची. परत येताना मामानं दिलेली ज्वारीची पिशवी आणायची. त्या ज्वारीची भाकरी अण्णा मुकाट्यानं खायचे. कुणाची म्हणून विचारायचे नाहीत. आईही सांगायची नाही.

त्या वर्षी सुगीत आईचं जाणं राहून गेलं होतं. मे महिना निम्मा सरला तेव्हा ती म्हणाली, "उद्या जाऊन येते भावाकडं. पोरीलाबी नेते." दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघायच्या तयारीत होतो. बघते तर अण्णा इस्त्रीचा सदरा घालून, खांद्याला शाळेची पिशवी लावून दारात उभे. पिशवीतून कॅमेऱ्याचं टोक बाहेर आलेलं.

"कुठं निघालात?" आईनं विचारलं.

"तुझ्या भावाकडं. शूटिंग करायला."

आईनं पदरानं उगाच चेहरा पुसला आणि म्हणाली, "बरं. टोपी घ्या, ऊन लय हाय." एवढंच.

फाट्यावर उतरून दोन मैल चालायचं होतं. अण्णा सगळ्यांत मागं. अर्ध्या वाटेत मी थांबून बघितलं तर ते एका बाभळीखाली उभे राहून कॅमेऱ्याची काच रुमालानं पुसत होते. काच स्वच्छच होती.

मामाचं घर बौद्धवाड्याच्या कडेला. विटांच्या भिंती, वर पत्रे, पुढं सारवलेलं अंगण. मामा अंगणात बाज उलटी करून तिची सैल झालेली सुतळी ओढत होता. आई पुढं गेली. मी तिच्या मागं. अण्णा मात्र अंगणापर्यंत आलेच नाहीत. वीसेक पावलांवर एक कडुलिंबाचं झाड होतं, त्याच्या सावलीत उभे राहिले आणि कॅमेरा डोळ्याला लावला.

मामानं आधी आईला बघितलं, मग मला, मग लिंबाखालच्या माणसाला. मान खाली घालून सुतळी ओढत राहिला. मामी दारात आली, तिनंही बघितलं आणि ती पदर सावरून तिथंच थबकली. आई माझा हात धरून उभी. मला वाटलं, आता हे असंच राहणार. एक सुतळी ओढणार, दुसरा कॅमेरा धरणार, आणि शेवटची एसटी निघून जाणार.

मग मामानं सुतळी सोडली, उठला आणि कपाळावर हात धरून ओरडला, "ओ दाजी! इतक्या लांब कामून हुबं राहिलात?"

कॅमेऱ्याआडून अण्णा ओरडले, "जवळ आलो की तू दिसत नाहीस!"

"काय म्हणायलात?"

"जवळ आलो की दिसत नाहीस म्हणलो!"

मामाला काही उमगेना. तो आईकडे बघायला लागला. मी म्हणाले, "मामा, त्या कॅमेऱ्याचा झूम अटकलाय. जवळून नुसतं नाक दिसतं."

मामा आधी थोडं हसला. मग त्याला ते नीट समजलं आणि तो पोट धरून हसायला लागला. मामी हसली. आईला हसू आणि रडू एकदमच आलं, तिनं पदर तोंडात कोंबला. मामा तसाच हसत हसत लिंबाकडे चालत गेला. अण्णा कॅमेऱ्यातून बघतच होते. मामा त्यांच्या अगदी पुढ्यात जाऊन उभा राहिला तेव्हा त्यांना कॅमेरा खाली घ्यावा लागला.

"या घराकडं," मामा म्हणाला. "ऊन लय झालंय."

त्या दिवशी ते दोघं फक्त कॅमेऱ्यावर बोलले. कॅसेट कुठून घालतात, बॅटरी किती वेळ टिकते, तांबडा दिवा कशाचा. मागच्या चौदा वर्षांचा एक शब्द नाही. जेवताना मामीनं अण्णांच्या ताटात तीनदा कालवण वाढलं आणि अण्णांनी तीनदा पुरे म्हणून तिन्हीदा खाल्लं. जेवणानंतर मामानं कॅमेरा मागून घेतला. "आता तुमचं करतो," म्हणाला. अण्णांना बाजेवर बसवून तो मागं मागं गेला, थेट लिंबाच्याही पलीकडं, आणि तिथून ओरडला, "दाजी, कानावरचे केस पार पिकले की हो तुमचे!"

"तुझे काय काळेच हायत का?" अण्णा ओरडले. घरात आमच्याशी नेहमी 'आहे' बोलणारे अण्णा तिथं 'हाय' बोलत होते.

परतताना मामा ज्वारीची पिशवी खांद्यावर घेऊन फाट्यापर्यंत आला. एसटी निघाल्यावर अण्णांनी खिडकीतून मागं वळून बघितलं. मग आईला म्हणाले, "घर पक्कं बांधलंय."

आई म्हणाली, "बारा वर्षं झाली त्याला."

पुढच्या आठवड्यात आईनं निरोप धाडला. बाजाराच्या दिवशी मामा सोनपेठला आला आणि बाजार करून पिशवीसकट आमच्या घरी. दारात चपला काढताना क्षणभर थांबला. आईनं पाण्याचा पेला पुढं केला. तो त्यानं उभ्या उभ्याच गटागट पिऊन टाकला आणि म्हणाला, "अक्का, आणखी दे."

दुपारची वेळ होती. अण्णांनी टीव्ही आणि व्हीसीपी आधीच आणून ठेवला होता. ह्या वेळी गल्लीला बोलावलं नव्हतं. आईनं खिडकीला सोलापुरी चादर लावून अंधार केला. आम्ही चौघं खाली सतरंजीवर बसलो. अण्णांनी कॅसेट घातली.

पडद्यावर मामा आला, कमरेपासून वर. पूर्ण चेहरा, कपाळापासून हनुवटीपर्यंत, खाली घातलेला. सुतळी ओढताना दातांत धरलेला खालचा ओठ, कपाळावरच्या आठ्या, गालावर एक जुना वण. आई पुढं सरकली. "बघ, अगदी बापावर गेलाय," ती मला म्हणाली. "असाच ओठ धरायचा आमचा बाप. आता ध्यानात आलं बघ."

मामाही स्वतःकडे बघताना तसाच ओठ दातांत धरून बसला होता.

आणि मग अण्णांचा आवाज आला. पडद्यातून. अगदी जवळून, जड श्वास घेत, तोंडातल्या तोंडात. लिंबाखाली उभं राहून ते स्वतःशी बोलत होते आणि आपण बोलतोय हे त्यांनाही ठाऊक नसावं.

"वाळलाय किती हा... पार हाडं निघालीत... घर बांधलं की रे पठ्ठ्यानं. एकट्यानं. तिथंच... अन् मी काय म्हणलो याला. लाचार म्हणलो. मीच पळालो असतो, मीच... चुकलं माझं. आता कसं जाऊ म्होरं. काय तोंड घेऊन जाऊ..."

पडद्यावर मामा सुतळी ओढत होता. आवाज अण्णांचा. अण्णा व्हीसीपीशेजारी बसले होते, त्यांचा हात बटनाकडे गेला आणि मधेच थांबला. बंद करावं तर आणखीच उघडं पडणार, चालू ठेवावं तर ऐकवत नाही. त्यांचे कान लाल झालेले मला त्या अंधारातही दिसले. तोवर पडद्यावरचा मामा उठला, कपाळावर हात धरून त्याचे ओठ हलले, आणि पाठोपाठ अण्णांची आरोळी आली, "जवळ आलो की तू दिसत नाहीस!"

अण्णांनी बटन दाबलं. चित्र गेलं. बाहेर गल्लीत कुणीतरी बर्फाचे गोळे विकत चाललं होतं, त्याची घंटी ऐकू येत होती.

मामा बसल्या जागी गुडघ्याला मिठी मारून होता. तो खाकरला आणि म्हणाला, "दाजी, ते जरा मागं घ्या की. मला नीट आयकू आलं न्हाई."

आई म्हणाली, "आयकू आलंय त्याला चांगलं. लय शहाणा हाय."

"न्हाई खरंच. मशिनचा आवाज होता."

अण्णांनी मामाकडे बघितलं. मला वाटलं आता उठून बाहेर जातील. पण त्यांनी कॅसेट मागं घेतली. करकर करत ती मागं गेली, थांबली, आणि पुन्हा मामाचा चेहरा आला, पुन्हा अण्णांचा तो पुटपुटता आवाज. दुसऱ्या वेळी मामानं डोळे मिटून घेतले होते. संपल्यावर त्यानं हात लांब करून अण्णांच्या मांडीवर ठेवला. "मीबी लय बोललो होतो," तो म्हणाला. "जाऊ द्या आता. माझं शूटिंग दाखवा, मी केलेलं."

मग अण्णांचा चेहरा पडद्यावर आला. गंभीर, टोपी घातलेला, कॅमेऱ्याकडे बघून मास्तरासारखा बसलेला. मामानं तो पाचेक मिनिटं तसाच घेतला होता. त्यात मामाचा आवाज होता, पण तो काही पुटपुटत नव्हता. तो मामीला हाका मारत होता, "ये, बघून जा, दाजी कसे बसलेत!"

कॅमेरा पुढं वर्षभर चालला. माझ्या डी.एड.च्या निकालाच्या दिवशी अण्णांनी माझा पाऊण चेहरा घेतला. आईचं तोंडही एकदाचं नीट आलं, नऊ पावलांवरून. ती कॅसेट ती जो येईल त्याला दाखवायची, टीव्ही भाड्यानं आणून. मग मानवतच्या त्या विद्यार्थ्याला हैदराबादहून झूमचा भाग मिळाला. त्यानं हौसेनं कॅमेरा उघडला, आणि पुन्हा जोडल्यावर तो सुरूच होईना. बिचारा दोन महिने खटपट करत राहिला. शेवटी सोनपेठला येऊन अण्णांसमोर मान खाली घालून उभा राहिला. अण्णा म्हणाले, "अरे, माझं काम झालंय त्याच्यावर. तू बस, चहा घे." कॅसेटला पुढं बुरशी लागली. मी ती अजून ठेवलीय, पण ती चालत नाही.

मला झरीच्या शाळेत नोकरी लागली होती. विद्यापीठाचा नामविस्तार झाला त्या संक्रांतीनंतर दोन दिवसांनी मी घरी गेले. मामा आधीच येऊन बसला होता. घरात मोठा वाद चालला होता. अण्णांना आनंद झाला होता आणि ते म्हणत होते की नाव लागलं हेच मोठं. मामा म्हणत होता, पूर्ण नामांतर मागितलं होतं, हे अर्धंच दिलं. दोघांचे आवाज चढले होते. मी घाबरून चुलीपाशी आईकडे गेले. आई शांतपणे भाकरी थापत होती.

"भांडायलेत की गं ते," मी म्हणाले.

"भांडू दे. सकाळधरनं भांडायलेत," आई म्हणाली. "जेवायचं इचारलं तर दोघंबी एकदम व्हय म्हणले."

अण्णा निवृत्त झाल्यावर दर रविवारी मामाच्या गावी जायला लागले. मामानंच सांगितलं होतं, वाड्यातल्या लेकरांना गणित येत नाही म्हणून. मामाच्या अंगणात पत्र्याच्या सावलीला फळा टांगला होता. गुडघे दुखेपर्यंत, सात-आठ वर्षं अण्णांनी हे केलं. मी एकदा त्यांच्याबरोबर गेले होते. वीस-पंचवीस पोरं सतराचा पाढा म्हणत होती. चार-पाच ओळी झाल्या असतील नसतील, आतून मामाचा आवाज आला, "दाजी, बास करा आता. लेकरं भुकेजलीत." अण्णांनी पोरांकडे बघितलं, हातातला खडू ठेवला आणि म्हणाले, "चला, उरलेला जेवल्यावर."